लोकांच्या वस्तू माझ्याकडे आहेत

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे बाबा 72 वर्षांचे आहेत. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात 1986 साली त्यांनी व्हिडिओ लायब्ररी काढली आणि अजून ती बंद केलेली नाही. तीनेक हजार कॅसेट आहेत, सीड्या-डीव्हीड्या त्याहून जास्त. महिन्यात एखादा माणूस येतो, तोही पेनड्राइव्ह मिळेल का विचारायला. बाबा मात्र रोज दहाला शटर वर करतात, कॅसेट पुसतात, आठला घरी येतात. 2019 च्या पुरात खालच्या दोन फळ्या भिजल्या, त्याही त्यांनी वाळवून परत लावल्या. लायब्ररीच्या जोडीला ते लग्नाचं शूटिंग करायचे. त्या मास्टर कॅसेट वरच्या फळीवर आहेत, दीडशे तरी असतील.

गाळा स्वतःचा आहे. भावाला तो मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यायचाय. घर तोच चालवतो, त्याचंही चूक नाही. बाबा म्हणतात, 'मी आहे तोवर राहू दे. लोकांच्या वस्तू माझ्याकडे आहेत.' कधी म्हणतात, 'माझंच चुकलं, 2002 साली सायबर कॅफे टाकायला हवा होता.' मी पुण्यात असते. त्या जागी जुन्या सिनेमांचा कॅफे काढावा, किंवा सिअ‍ॅटलमधलं एक दुकान देणग्यांवर चालतं तसं काही करावं, असं माझ्या मनात येतं. मुंबईचे एक गृहस्थ सगळा माल उचलायला तयार आहेत. भाऊ आणि बाबा महिनाभर एकमेकांशी बोललेले नाहीत. काय करावं? सोबत बाबांच्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवते.

— एक मुलगी, सांगली जिल्हा

उत्तर:

प्रिय मुली,

पत्र वाचलं आणि मग वहीचा तो फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसले. निळ्या शाईत सभासद क्रमांक, कॅसेटचा क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'रडका नको.' 'मुलं लहान.' 'आजी सोबत बघतात.' एका नावापुढे नुसतं 'परीक्षा आहे, मार्चपर्यंत देऊ नये.' ही चौथी नोंद वाचून माझे डोळे भरून आले. आपलं दहा रुपयांचं भाडं बुडवून कुणाच्या तरी पोराचा अभ्यास सांभाळणारा दुकानदार तुझा बाप आहे.

1987 मध्ये माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अशीच एक लायब्ररी होती. तिथले काका कॅसेट हातात द्यायच्या आधी विचारायचे, "बघायला घरात कोण कोण आहे?" मी म्हणायची, सासूबाई आहेत, धाकटा दीर आहे. मग ते मी मागितलेली कॅसेट गुपचूप बाजूला ठेवायचे आणि दुसरीच काढायचे. क्वचित म्हणायचे, "ही न्या, पण मध्ये एक गाणं आहे, तेवढं पुढे ढकला." त्या घरात मी नवी होते. कुठे अवघडायला होईल हे मला कळायच्या आत त्या माणसाला कळायचं. म्हणून तुझ्या बाबांची वही मला परकी वाटली नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. दुकान बंद करावं, असंच माझं मत आहे. भावाचं म्हणणं बरोबर आहे. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीस आणि मी तिथेच अडले. 'लोकांच्या वस्तू माझ्याकडे आहेत.' तुम्ही दोघं भावंडं समजताय की बाबांचा जीव सिनेमांत अडकलाय. मला तसं वाटत नाही. सिनेमांच्या कॅसेट त्यांच्या स्वतःच्या आहेत, त्यांना ते लोकांच्या वस्तू म्हणणार नाहीत. लोकांच्या वस्तू म्हणजे वरच्या फळीवरची लग्नं. आणि बहुतेक वहीतली डिपॉझिटं. चाळीस वर्षं लोकांकडून वस्तू वेळेवर परत घेणारा माणूस, स्वतःकडचं परत न करता शटर कसं ओढेल? हे मी अंदाजाने लिहितेय. तू त्यांना सरळ विचार, "बाबा, कुणाच्या वस्तू?" आणि मग मध्ये न बोलता ऐकून घे.

त्याआधी त्यांच्या मनातलं 'माझंच चुकलं' जायला हवं. ते तुझ्याच्याने होईल, कारण तू त्या घरात कुणाची बाजू घेऊन बसलेली नाहीस. त्यांना आठवण करून दे की हा धंदा उभा राहिला तोही त्यांच्या हातात नव्हता आणि गेला तोही नाही. 1982 च्या एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला, बाहेरून सेट आणि व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावून बघायचं यंत्र, येऊ लागले. व्हीसीआर विकत घेणं बहुतेकांना परवडत नव्हतं, म्हणून तो भाड्याने मिळू लागला. तुला आठवणार नाही कदाचित, पण सार्वजनिक सत्यनारायणाच्या पूजेला 'व्हिडिओ आणायचा' म्हणजे टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, रात्रभर. तुझ्या बाबांनी 1986 साली दुकान काढलं ते अगदी ऐन बहरात. मग 1991-92 मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या. केबलवाला तर आधीपासूनच एका व्हीसीआरवर अख्ख्या आळीला सिनेमा दाखवत होता. तरी तुमची लायब्ररी टिकली. पुढे व्हीसीडी आली. एका चकतीवर सव्वा तासाच्या आसपास मावायचं, म्हणून एका हिंदी सिनेमाला दोन-तीन चकत्या लागायच्या आणि नेमकी शेवटची चरे पडलेली निघायची. बाबांनी तोही माल भरला, पुढे डीव्हीडीही भरली. म्हणजे हा माणूस वेळोवेळी बदलत आलेला आहे. बदलला नाही म्हणून बुडाला असं त्यांनी म्हणू नये.

त्यांना घाव बसला तो मोबाइलवर सिनेमे दिसायला लागण्याच्याही आधी. 2007 च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. सिनेमा विकत घेणं आणि दोन-तीन दिवस भाड्याने नेणं यांत फरकच उरला नाही, मग डिपॉझिट भरून सभासद कोण होणार? आणि ज्या कंपनीने हे केलं तिचं तरी काय झालं? 2018 मध्ये ती अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली. 2016 च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं. सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि पूर्ण सिनेमा मोबाइलवर बघण्याइतका डेटा गावागावात परवडू लागला. कॅसेट-डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टर नावाच्या अमेरिकी कंपनीची एके काळी जगभरात 9,000 च्या वर दुकानं होती, पैसा होता, वकील होते. 2010 साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. जिथे तिचा पाड लागला नाही, तिथे तालुक्याच्या गावातल्या दहा बाय चौदाच्या गाळ्याने काय करायचं होतं?

राहिला सायबर कॅफे. बाबांना घेऊन एकदा बाजारपेठेतून चक्कर मार. 2002 साली गावात जे सायबर कॅफे होते त्यांतले किती उरले ते त्यांनाच मोजू दे. एसटीडी-पीसीओ मोज, रोल धुऊन देणाऱ्या फोटो लॅब मोज. ज्यांनी 'वेळेत बदल' केला, त्यांतल्या कितीतरी जणांचं शटर तुमच्या आधी खाली आलं.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती त्यांच्यापासून लपवू नकोस. मुंबईत शेमारूने 1962 मध्ये पुस्तकांची लायब्ररी काढली, 1979 मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि पुढे सिनेमांचे हक्कच विकत घ्यायला लागले. ते टिकले. फरक तिथे पडला. तुमच्या बाबांकडे कॅसेट होती, सिनेमा त्यांचा नव्हता. पण हक्क विकत घ्यायला निर्मात्यांच्या दारात उभं राहावं लागतं, मुंबईत असावं लागतं, मोठी रक्कम लागते. सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण दुकानदाराने ते केलं नाही, हा काही त्याचा गुन्हा नाही.

कॅफेचा विचार मनातून काढून टाक. हे कठोर वाटेल, पण मला खात्रीने वाटतं म्हणून लिहिते. तुमच्या गावात जुन्या कॅसेटी भिंतीला लावून दोनशे रुपयांची कॉफी कोण पिणार? तू पुण्यात, भाऊ त्याच्या कामात, मग रोज गल्ल्यावर कोण बसणार? बाबाच. म्हणजे ते आज बसतात तसेच बसतील, वर तुझं कर्ज होईल. तू म्हणतेस ते सिअ‍ॅटलचं दुकान म्हणजे स्केअरक्रो. 2014 मध्ये त्यांनी ते ना-नफा संस्था केलं. पण त्यांच्याकडे लाखाच्या वर सिनेमे आहेत आणि त्यासाठी देणग्या देणारं मोठं शहर पाठीशी आहे. त्या दुकानाचं मला कौतुक आहे. तुमचं दुकान ते नाही.

मुंबईच्या गृहस्थांना सरसकट सगळा माल देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये किम्स व्हिडिओ म्हणून नावाजलेलं दुकान होतं. ते आवरल्यावर त्यांचा संग्रह, सुमारे 55,000 सिनेमे, 2009 मध्ये इटलीतल्या सिसिली बेटावरच्या सालेमी गावाने नेला. सगळं जपू, लोकांना दाखवू, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षं तिथे पडून राहिला आणि न्यूयॉर्कला परत यायला 2022 उजाडलं. तोंडी शब्दावर ट्रक भरायचा नाही. त्यांना काय हवंय त्याची यादी मागा. त्यांना बहुधा सिनेमांची पोस्टर्स आणि कॅसेटचे छापील कागद हवे असतील. ते विकायला हरकत नाही. वरच्या फळीला मात्र हात लावू द्यायचा नाही.

आता ती फळी. तीन हजार सिनेमांपैकी बहुतेक कुठे ना कुठे आहेतच. पण 1994 च्या वैशाखात तुमच्या गावात कुणाच्या दारात मांडव पडला, नवरीच्या आजोबांनी अक्षता टाकताना काय केलं, हे जगात एकाच ठिकाणी आहे. त्यातले आजोबा गेले, तो वाडा पाडला, कदाचित 2019 च्या पुरात त्या घरचे अल्बमही गेले. तुमच्याकडे अनेक घरांत पुराने फोटो नेले, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. त्या घरांसाठी ही कॅसेट म्हणजे काय असेल, विचार कर.

म्हणून या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पण घाई करून कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. ज्या कॅसेटना ओल लागलीय त्या आधी वेगळ्या काढा. कॅसेट उजेडासमोर धरून खिडकीतून आत बघायचं. टेपचा गठ्ठा काळपट आणि एकसारखा दिसला तर ठीक. कडेला पांढरी पूड किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट लावली की बुरशी हेडला, म्हणजे व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या दहा कॅसेट बिघडवते. ती वेगळ्या डब्यात ठेवा, उन्हात तापवू नका, हे काम जाणणाऱ्याकडेच द्या. आता व्हीसीआर. ते बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिनेही 2016 मध्ये उत्पादन थांबवलं, नवा मिळायचा नाही. दुकानात दोन-तीन जुने असतीलच, त्यांतून एक धड उभा करायचा. रबरी बेल्ट बदलायचा, हेड साफ करायचं. कापूस लावायचा नाही, धागा अडकतो. मऊ चामड्याच्या तुकड्याला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून आडवं पुसायचं, वर-खाली नाही. हे खरं तर मी कशाला लिहितेय, बाबांनी हे हजारदा केलंय. तू फक्त कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, ज्याला कॅप्चर कार्ड म्हणतात, ते आणि दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेऊन जा. दोन अशासाठी की एक गेली तर दुसरी हवी.

इथे घाईचा काहीच उपयोग नसतो. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. दिवसाला दोन धरल्या तर दीडशे कॅसेटना पंचाहत्तर दिवस. सुट्ट्या, वीज जाणं, टेप अडकणं धरून चार-पाच महिने. बाबांचे दहा ते आठ ज्या कामात जातील, ते हे.

आणि ते फुकट करायचं नाही. प्रत्येक घरी निरोप जाईल: तुमच्या लग्नाची मास्टर कॅसेट आमच्याकडे आहे, पेनड्राइव्हवर हवी असेल तर इतके रुपये. जो देऊ शकत नाही त्याला बाबा आपणहून सोडतील, वहीवरून कळतंच की. पण गल्ल्यात पैसे आले पाहिजेत. म्हाताऱ्या माणसाला गुंतवून ठेवायला पोरांनी काढलेलं काम आणि धंदा यांतला फरक त्यांना लगेच कळेल.

थोडं जपूनही करा. निरोप आधी ज्याचं लग्न त्यालाच. काही लग्नं मोडली असतील, काही घरांत त्या कॅसेटमधली बाई आता नसेल, दुसरी आली असेल. कुणी म्हणालं नको, तर कॅसेट त्यांच्या हातात द्यायची आणि विषय संपवायचा. इंटरनेटवर यातलं काहीही टाकायचं नाही, पाच सेकंदांचा तुकडासुद्धा नाही. ती लग्नं त्या घरांची आहेत.

डिपॉझिटचा हिशोबही याच काळात होऊ दे. वहीत ज्यांचे पैसे बाकी आहेत त्यांची यादी कर. पन्नास-शंभर रुपयांसाठी कुणी येणार नाही म्हणून तुम्हाला ती रक्कम फालतू वाटेल. बाबांना वाटत नसेल. जे भेटतील त्यांना द्या, जे गेले त्यांच्या मुलांना द्या, उरलेल्यांचे गावच्या वाचनालयाला देऊन पावती वहीला टाचून ठेवा. वही मात्र कुणालाही द्यायची नाही. ती तू पुण्याला ने, आणि एकेका पेन्सिलीच्या शेऱ्यावर बोट ठेवून बाबांना बोलतं कर, मोबाइलवर रेकॉर्ड कर.

सिनेमांच्या कॅसेटबद्दल थोडक्यात. 1984 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कॅसेटवर ती काढणाऱ्याचं व हक्कदाराचं नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्र देणं बंधनकारक झालं. त्यावरून अस्सल आणि चोरीची प्रिंट वेगळी करता येईल. त्या काळात चोरीच्या प्रिंटा बहुतेक लायब्रऱ्यांत असायच्या, त्यावरून बाबांना बोलू नकोस. अस्सल मराठी कॅसेट, विशेषतः नाटकांच्या आणि आज कुठे बघायला न मिळणाऱ्या सिनेमांच्या, यांची यादी करून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिही. 1964 पासूनची संस्था आहे, तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. त्यांना काय हवं, काय नको, ते सांगतील. उरलेल्या ई-कचऱ्यात द्या. नदीकाठी नेऊन जाळू नका, त्या प्लास्टिकचा धूर वाईट.

भावाशी आजच बोल. त्याच्याकडून सहा महिने मागून घे, आणि पुण्याला कमावतेस तर त्या सहा महिन्यांच्या भाड्यातला निम्मा वाटा तू दे. सगळा भार त्याच्यावर टाकून बाबांची भावना जपणं तुला शोभणार नाही. बदल्यात त्याने एवढंच करायचं: रात्री जेवताना बाबांना विचारायचं, आज कुणाचं लग्न उतरवलं? गावातलीच लग्नं आहेत, त्यातल्या काहींत तो स्वतः हाफ चड्डीत पंगतीला बसलेला सापडेल. त्यांचा अबोला यानेच सुटेल असं मला वाटतं. समजुतीच्या चार शब्दांनी सुटायचा तो एव्हाना सुटला असता. सहा महिन्यांनी मोबाइलवाल्याला पूर्ण गाळा द्या. बाबांसाठी त्यात कोपरा ठेवू नका, दुसऱ्याच्या दुकानात स्टुलावर बसलेलं त्यांना बघवणार नाही तुम्हाला. पाटी काढताना ते तिथे असू देत, आणि पाटी घरी आणा. शॉप अ‍ॅक्टची नोंद बंद करायच्या अर्जावर सही त्यांचीच घ्या.

तुझं पत्र एप्रिलमध्ये आलंय. कृष्णेला पाणी चढायला वेळ लागत नाही, आणि पूर नाही आला तरी पावसाळ्याची दमट हवा टेपला पुरते. या शनिवारी गावी जा, बाबांना स्टुल धरायला सांग, आणि वरची फळी खाली घेऊन सगळ्या कॅसेट घरी माडीवर ने.

तुझी,
ताई